फायबरग्लासचा तलाव घेण्यापूर्वी

परदेशी नोकरी करून गोव्यास परतलेल्या कुटुंबांत अलीकडे एक बेत वारंवार ऐकू येतो. वडिलोपार्जित घराची डागडुजी करून ते पाहुण्यांस भाड्याने द्यावयाचे, आणि परसात पोहण्याचा तलाव बसवावयाचा. काँक्रीटचा तलाव बांधण्यास पुष्कळ दिवस जातात. फायबरग्लासचा तलाव मात्र कारखान्यातून तयारच येतो, आणि खड्डा सिद्ध असेल तर लवकर बसतो. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे शेवाळ कमी धरते व औषधेही कमी लागतात. हे गुण खरे आहेत, आणि विक्रेता ते सांगावयास विसरत नाही. परंतु अशा खरेदीत बहुधा आयुष्याची शिल्लक गुंतते; म्हणून दुसऱ्या बाजूचा विचार वाचकांनी आधीच केलेला बरा.

ह्या तलावाचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्याचा हलकेपणा. सात मीटर लांब, तीन मीटर रुंद असे कवच फार तर टनभर वजनाचे असते. ते जागेवर राहते ते मुख्यतः आतील पाण्याच्या भाराने. आता असे समजा की तलाव रिकामा केला आहे आणि बाहेरील जमिनीतील पाणी त्याच्या तळापेक्षा अर्धा मीटर वर चढले आहे. तळ सपाट धरला तर सुमारे साडेदहा घनमीटर पाणी बाजूस सारले गेले. म्हणजे कवचास खालून साडेदहा टनांचा रेटा बसला! होडी तरंगते त्याच नियमाने मग तलाव खड्ड्यातून वर उचलला जातो, नळ तुटतात, तळास तडे जातात.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. चिऱ्याची जमीन सच्छिद्र. तिच्यातून पाणी झपाट्याने मुरते व विहिरी काठोकाठ येतात. आणि तलाव रिकामा करून घासण्याचा मोह नेमका तेव्हाच होतो, कारण पाहुण्यांची वर्दळ ओसरलेली असते आणि पाणी गढूळ झालेले असते. तेव्हा माहितीपत्रक चाळण्यापूर्वी श्रावणात आपल्या परसातील विहिरीत डोकावावे. पाणी जमिनीपासून दीड मीटरच्या आत येत असेल, तर तलावाच्या तळाशेजारी खडीत उभा नळ बसवून घेणे अत्यावश्यक आहे. त्यातून बाहेरील पाण्याची पातळी कळते व पंपाने ते उपसताही येते. खड्ड्याच्या भरावासही स्वच्छ बारीक खडी मागावी. वाळू स्वस्त पडते खरी, पण ओली झाली की सरकते, आणि भिंतीस पोक येतो. आत पाणी आणि बाहेर खडी ही दोन्ही बरोबरीनेच चढवावी लागतात. घाईच्या कंत्राटदारास हे आवडत नाही.

दुसरी अडचण रस्त्याची. आपल्याकडे सर्वसाधारण मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंतच मर्यादित आहे. तीन मीटरचे कवच आडवे ठेवले तर ते बाहेर येते. उभे कलंडवून नेले तर विजेच्या तारा आडव्या येतात. बार्देश-साष्टीतील वाड्यांच्या वाटा, दोन्हींकडे गडगे आणि वर झुकलेले माड, हे पाहता क्रेन दारापर्यंत पोहोचेल की नाही, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच मोजून घ्यावे. शिवाय आकार साच्यातून निघालेलाच घ्यावा लागतो. आपल्या परसाच्या कोपऱ्याप्रमाणे तो कापता येत नाही.

आतील रंगीत थरास जेलकोट म्हणतात. तो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. उन्हाने व औषधांच्या चुकीच्या प्रमाणाने तो फिकट पडतो, आणि हात लावल्यास खडूसारखी भुकटी लागते. त्यातून पाणी झिरपून मागील थरात फोडही येतात. जेलकोटमागे व्हिनाइल एस्टर जातीच्या राळेचा थर असल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो. स्वस्त मालात साधी पॉलिएस्टर राळच वापरलेली असते, आणि डोळ्यांना हा फरक दिसत नाही. तो लेखीच मागावा. तडा बुजविता येतो, परंतु जुन्या रंगाशी नवा रंग क्वचितच जुळतो, आणि ठिगळ पाण्याखालूनही दिसते.

राहता राहिली हमी. वर्षांचा मोठा आकडा छापलेला असतो तो बहुधा कवचाचा. खड्डा, भराव, नळजोडणी आणि पावसाळ्यात तलाव उचलला गेल्यास होणारे नुकसान ह्यांची जबाबदारी कोणाची, हे त्याच कागदावर, त्याच सहीने लिहून घ्यावे.