छोटा घाव, मोठी धार!

उत्तराखंड-हिमाचलच्या जंगलात चीडच्या खोडावर तिरप्या चरींची नक्षी आणि खाली टांगलेलं भांडं दिसलं, तर जरा थांबा. तिथे ‘लिसा’ म्हणजे पाइनची राळ गोळा होतेय!

रस नाही, बॉडीगार्ड!
माहीत आहे का? लिसा हा झाडाचा अन्नरस नाहीच. साल पोखरणाऱ्या किड्यांना बुडवायचं आणि जखम बुजवायची, हे त्याचं काम. पण हवा लागली की तो घट्ट होतो आणि नळ बंद! धार चालू ठेवणं, हाच या धंद्यातला खरा गेम.

खोल जाऊ नका
मोठा घाव, जास्त लिसा? साफ चूक! बाहेरच्या लाकडातल्या राळनळ्या उघडायला दोनेक मिलिमीटर खोल चर पुरते. त्यावर सौम्य आम्लाचा फवारा मारला, की नळ्यांची तोंडं लवकर मिटत नाहीत.

कोचसाहेबांची आयडिया
अमेरिकेत पूर्वी राळ साठवायला खोडातच खळगा कोरत. झाडाचे हाल! रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हर्टी यांनी १९००च्या सुमारास पन्हळ आणि कप लावून हा प्रकार मोडीत काढला. आणि माहीत आहे का? १८९२मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या पहिल्या फुटबॉल टीमचे कोचही हेच!

खोटा अलार्म
फळं पिकवणारा इथिलीन वायू पाइनलाही कामाला लावतो! ब्राझीलमध्ये घावावर इथेफॉन या रसायनाची पेस्ट लावतात. त्यातून इथिलीन सुटतो, झाडाला वाटतं संकट आलं आणि राळेचं प्रॉडक्शन वाढतं.

ड्रिल मारा, पिशवी लावा
नवी स्टाइल म्हणजे खोडाला छोटं भोक आणि त्याला बंद पिशवी. राळेत कचरा नाही, तिच्यातलं टर्पेंटाइन उडून जात नाही आणि उघड्या घावाला वणव्यात पेट घ्यायची भीतीही कमी.

झिरो, पण हिरो
कॅलिफोर्नियाच्या जेफ्री पाइनच्या राळेत चक्क पेट्रोलमध्येही असणारं हेप्टेन सापडतं. पेट्रोलच्या ऑक्टेन मोजपट्टीवरचा ‘शून्य’ ठरवायला सुरुवातीला हेच हेप्टेन वापरलं!

राळ कुठे कुठे चिकटते?
व्हायोलिनच्या गजावर, कागदात, साबणात, व्हार्निशमध्ये, अगदी च्युइंगगममध्येही!

म्हणून लिसा वाढवायचा फॉर्म्युला सोपा आहे: कुऱ्हाड कमी, केमिस्ट्री जास्त. झाड धडधाकट राहिलं, तरच पुढच्या हंगामात भांडं भरेल. चिकाटी म्हणतात ती हीच!