भिंत चालली, पण त्यात क्वांटम कुठंय?

आजचा विषय फॅमिली ग्रुपवरच्या एका फॉरवर्डचा. दावा असा की माउलींनी आळंदीत भिंत चालवली, ते क्वांटम फिजिक्सच होतं. सांगवीहून आळंदीला आपण तासाभरात पोचतो, ती भिंत तिथं आजही दाखवतात. म्हणून हा दावा जरा जास्तच जवळचा वाटतो. चला, तपासूया.

फॉरवर्डमधला पहिला शब्द टनेलिंग. इलेक्ट्रॉनकडे पुरेशी ऊर्जा नसतानाही तो कधीकधी अडथळा पार करतो, हे खरंय. तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये डेटा साठतो तो याच जोरावर. पण तिथला अडथळा असतो काही नॅनोमीटर जाडीचा. जाडी आणि वस्तुमान वाढत गेलं, की शक्यता धडाधड कोसळते. शिवाय टनेलिंग म्हणजे अडथळ्यातून आरपार जाणं. गोष्टीत भिंतीतून कुणी आरपार गेलंच नाही, भिंतच पुढं सरकली!

आता आकडा बघा. १००० किलोची भिंत सेकंदाला १ मीटर वेगानं चालली, तर तिची क्वांटम तरंगलांबी मीटरमध्ये लिहिताना दशांशचिन्हानंतर आधी ३६ शून्यं येतात. प्रोटॉनच्या व्यासाला १४ पुरतात. म्हणजे भिंतीच्या पातळीवर हा परिणाम मोजण्यापलीकडं लहान.

दुसरा शब्द ऑब्झर्व्हर. 'पाहिल्यानं कण बदलतो, म्हणजे मनानं जग बदलतं' असं सांगतात. पण इथं पाहणं म्हणजे मोजमाप, म्हणजे उपकरणाशी झालेली भौतिक क्रिया. खोलीत माणूस नसला तरी ती होते. संकल्पशक्तीचा त्यात संबंध नाही.

मग चमत्कार तपासताच येत नाहीत का? येतात की. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, आठवतंय? दुधात रंग मिसळा, मूर्तीवरून खाली उतरणारा पातळ थर दिसतो. पृष्ठताण, बस. ते कुणालाही घरी करून बघता आलं. सातशे वर्षांपूर्वीच्या भिंतीवर असा प्रयोग करता येत नाही, आणि क्वांटमचं लेबल लावून ती अडचण सुटत नाही.

यात नुकसान काय, असं कुणी म्हणेल. नुकसान आहे. हाच शब्द लावून 'क्वांटम हीलिंग' विकतात आणि एखादा पेशंट चालू औषध बंद करतो. चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, त्यावर पैसे कमावणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. 'क्वांटम' म्हटलं की मात्र तेच सायन्स वाटतं.

आणि श्रद्धेचं काय? चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आले, ते आपली सिद्धी मिरवायला. समोर चार भावंडं भिंतीवर बसलेली. गोष्टीत उतरतो तो चांगदेवांचा अहंकार. परंपरा सांगते, त्यांच्या कोऱ्या पत्राला माउलींनी ६५ ओव्यांत उत्तर दिलं, तीच चांगदेव पासष्टी. तिचं मोल इलेक्ट्रॉनवर टांगलं, तर उद्या गणित चुकल्यावर तेही पडणार का? माउलींना फिजिक्सच्या सर्टिफिकेटची गरज नाही.

पुढचा फॉरवर्ड आला की एवढंच विचारा: कुठला कण, किती अंतर, आणि मोजलं कुणी? भेटूया पुढच्या भागात.