बारीक आहेस म्हणून सुटलास का?

"याचं मेटाबॉलिझम लय फास्ट आहे!" किनवटच्या कोणत्याही कॉलेज कट्ट्यावर असा एक तरी काडीपैलवान असतोच. चार वडापाव हाणतो, वर दोन चहा, तरी पँट ढिलीच. बाकी ग्रुपचा नुसता जळफळाट. पण बारीक दिसणं वेगळं आणि आतलं काम ठीक चालणं वेगळं.

मेटाबॉलिझम म्हणजे चयापचय. शब्दातच सगळं आलं: चय म्हणजे बांधणी, अपचय म्हणजे मोडतोड. भाकरीची साखर होऊन रक्तात उतरते, पेशी ऑक्सिजनच्या मदतीनं ती मोडून ऊर्जा काढतात. उरलेली लिव्हर आणि स्नायूंत साठते, तिथली जागा भरली की चरबी. झोपेतही हे चालूच. आराम करताना लागणाऱ्या ऊर्जेतली सुमारे २० टक्के एकटा मेंदू खातो, आणि त्याचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के! (परीक्षेच्या आदल्या रात्री तो फार जास्त खातो असं नाही, तेव्हा जागरणाच्या मॅगीला ते कारण नको.)

आता पुण्याची गोष्ट. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२. काट्यावर वजन तेच, आतला माल वेगळा! याची सुरुवात जन्माआधीच होते. याज्ञिकांच्या टीमनं पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली, ती सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंत बरीच कमी, चरबीत तेवढी नाहीत.

याचा त्रास पुढे होतो. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायू उचलतात. स्नायूच कमी, तर इन्सुलिनला जास्त राबावं लागतं. ते पुरेनासं झालं की डायबेटिस. आपल्याकडे तो बारीक माणसांनाही गाठतो.

भरतीसाठी पहाटे १६०० मीटर पळणारी पोरं निदान स्नायूंना कामाला तरी लावतात. मला काळजी वाटते ती दिवसभर अभ्यासिकेतून न उठणाऱ्यांची. "वय वाढलं की मेटाबॉलिझम मंदावतंच" ही पळवाटही आता बंद. २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात २९ देशांतली ६,४०० हून जास्त माणसं होती. शरीराच्या आकाराचा हिशेब धरला, तर २० ते ६० वयात चयापचयाचा वेग जवळपास तोच राहतो.

वजनकाट्यापेक्षा टेलरची टेप बरी. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. काडीपैलवानापासूनच सुरू करा.