मुलांच्या हृदयातला आवाज : काळजी कधी करायची, कधी सोडायची

राहुरीत बाळाच्या छातीबद्दल बोलायचं तर सुरुवात दोन मुलांपासून करू. नावं सांगणार नाही, गोष्टी सांगतो.

पहिलं मूल तीन महिन्यांचं. आईवडील ऊसतोडीला आलेले, मुक्काम कोपीवर. जन्मताना वजन 2.8 किलो, आमच्याकडे आलं तेव्हा जेमतेम साडेतीन. मधल्या काळात दोनदा न्यूमोनिया म्हणून औषधं झालेली. आई म्हणाली, "डॉक्टर, ह्याला दूध ओढायचा कंटाळा येतो. चार घोट घेतो अन् सोडून देतो." आम्ही तिला समोरच पाजायला सांगितलं. डिसेंबरची थंडी होती, तरी बाळाच्या कपाळावर घाम डवरला. तो कंटाळा नव्हता, दम होता.

दुसरी मुलगी आठ वर्षांची. तापात असताना कुणीतरी छाती तपासली आणि "हृदयात आवाज आहे" म्हणून सांगितलं. घरच्यांनी दोन वर्षं तिला खो-खो खेळू दिला नाही, पळू दिलं नाही. तिच्या हृदयात काहीही बिघाड नव्हता.

गंमत बघा, मुलीच्या छातीतला आवाज स्पष्ट ऐकू येत होता, आणि बाळाच्या छातीतला अगदी हलका. आज एवढीच एक गोष्ट घरी घेऊन जायची आहे : आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असं नसतं. आवाजाबरोबर मूल बघावं लागतं.

आवाज येतो कसा?

डॉक्टर ज्याला मर्मर म्हणतात, तो वाहत्या रक्ताचा आवाज असतो. आपल्याकडे मुळा धरणाचं पाणी पाटाने येतं, त्यामुळे हे समजायला सोपं जाईल. पाटाच्या दाराला बारीक फट असली की पाणी जोरात, आवाज करत सुटतं. तेच दार पूर्ण उघडा. पाणी कितीतरी जास्त जातं, पण तो चिरका आवाज राहत नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल, तर तसंच होतं. लहान छिद्र मोठा आवाज करतं, आणि त्यातली बरीचशी छिद्रं पुढे आपोआप बुजतात. मोठं छिद्र मात्र हळू बोलतं आणि जास्त नुकसान करतं.

आता दुसरा प्रश्न. "जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासलं होतं, तेव्हा काही नव्हतं. मग आता कुठून आलं?" छिद्र तेव्हाही होतं. पण दाराच्या दोन्ही बाजूंना पाण्याची पातळी सारखी असेल तर फटीतून पाणी वाहत नाही. जन्मल्याबरोबर फुप्फुसाच्या बाजूचा दाब जास्त असतो. तो काही आठवड्यांत उतरतो, मग रक्त छिद्रातून तिकडे धावतं. म्हणून आवाज आणि दम बहुधा दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत दिसायला लागतो. जन्माच्या वेळची तपासणी चांगली निघाली, तरी दीड महिन्याच्या लसीला बाळाची छाती पुन्हा तपासून घ्यायची ती यासाठी.

आणि तिसरी, सगळ्यात फसवी गोष्ट. मोठं छिद्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर फुप्फुसाच्या नळ्या कडक होतात, त्या बाजूचा दाब पुन्हा चढतो. आवाज कमी होतो, न्यूमोनियाही थांबतो. घरचे म्हणतात, "आता बरं आहे पोराला." खरं तर वेळ हातातून चाललेली असते. पुढे रक्त उलटं वाहू लागतं, ओठ निळे पडतात, आणि तेव्हा छिद्र बंद करण्याचा मार्ग उरत नाही.

निरुपद्रवी आवाज

वाढत्या वयात कितीतरी निरोगी मुलांच्या छातीत कधी ना कधी मर्मर ऐकू येतो. तीन ते सात वर्षांत तो जास्त सापडतो. तार छेडल्यासारखा मऊ असतो. झोपल्यावर, ताप असताना किंवा अंगात रक्त कमी असताना वाढतो, उभं राहिल्यावर कमी होतो. मूल खेळतं, जेवतं, वाढतं. मुलांच्या डॉक्टरांनी नीट तपासून, गरज वाटल्यास टूडी इको करून "हा साधा आवाज आहे" असं सांगितलं, की विषय संपला. औषध नाही, पथ्य नाही. मुलीला खो-खो खेळू द्या.

घरी काय बघायचं?

हजार बाळांमागे सुमारे आठ बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. आईला स्टेथोस्कोप लागत नाही, ती या गोष्टी बघू शकते :

- दूध पिताना बाळ सारखं थांबतं, कपाळावर घाम येतो, पिणं फार वेळ चालतं.
- बाळसं धरत नाही, वजन वाढत नाही.
- बाळ शांत झोपलेलं असताना श्वास जोरात चालतो. पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त असेल तर दाखवा. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर लगेच निघा.
- सारखा सारखा न्यूमोनिया होतो.
- जीभ आणि ओठ निळसर दिसतात. थंडीत नुसते हातपाय निळे पडले तर वेगळं. सावळ्या बाळाची जीभ आणि हिरड्या उजेडात बघा.
- चालणारं मूल खेळता खेळता दमून उकिडवं बसतं.

निळं पडणारं मूल रडता रडता एकदम जास्त निळं झालं, तर त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरा, शांत करा आणि तसंच दवाखान्यात न्या.

काही दोष मात्र आवाजच करत नाहीत. म्हणून नवजात बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून बघतात आणि जांघेतली नाडी तपासतात. प्रसूतीनंतर घरी निघताना "हे केलंत का?" असं विचारायला लाजू नका.

जायचं कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच राज्यात, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मजात हृदयदोष त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. पथक येईल त्या दिवशी मूल हजर ठेवा. पथकाने चिठ्ठी दिली तर ती घडी करून कपाटात ठेवू नका, दिलेल्या तारखेला जा. शस्त्रक्रियेसाठी या कार्यक्रमातून आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा.

एका आजीबाईंनी मघाशी विचारलं, "सुनेनं ग्रहणात भाजी चिरली, म्हणून झालं का?" नाही, आजी. गर्भाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडतं, बऱ्याचदा दिवस गेलेत हे कळायच्या सुमारास. त्या काळात आईला रुबेला झाला, साखर वाढलेली असली, नात्यात लग्न असलं, तर धोका वाढतो. पुष्कळदा कारण सापडतच नाही. सुनेला बोल लावू नका, तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

त्या कोपीवरच्या बाळाचं छिद्र इकोत मोठं निघालं. शस्त्रक्रिया झाली, आणि वजन वाढायला लागलं. पण कारखान्याचा पट्टा पडला की हे लोक गावी परततात आणि इथली तपासणी तुटते. तुमच्या शेतावर तोडीला आलेल्या टोळीत असं धापा टाकणारं बाळ दिसलं, तर अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना त्याच दिवशी कळवा. आणि इकोचा कागद आईच्या मोबाईलमध्ये फोटो काढून द्या. गावी गेल्यावर तो कामाला येतो.

आता प्रश्न असतील तर विचारा.