इंजिनाविना उड्डाण

दुपारच्या वेळी पुण्याच्या पर्वतीवर उभे राहून आकाशाकडे पाहिले असता घारी संथपणे घिरट्या घालताना दिसतात. त्यांचे पंख पसरलेले असतात. पण ते क्वचितच हलतात. पंख न हलविता घार खाली कशी पडत नाही, आणि तिच्याप्रमाणे माणसाला आकाशात विहरता येईल काय, हे प्रश्न माणसाच्या मनात फार प्राचीन काळापासून घोळत आले आहेत.

आरंभी माणसाला वाटले, की हातांना पंख बांधून ते जोराने फडफडविले म्हणजे झाले. हा समज कित्येकांना महाग पडला. पक्ष्याची हाडे पोकळ व हलकी असतात आणि पंख हलविणारे छातीचे स्नायू त्याच्या देहाच्या मानाने फार मोठे असतात. माणसाचा देह जड, आणि त्याच्या हातांत तेवढे बळ नाही. तेव्हा माणसाने पक्ष्याचे अनुकरण करावयाचे, तर ते पंख फडफडविणाऱ्या चिमणीचे नव्हे, तर पंख स्थिर ठेवून तरंगणाऱ्या घारीचे केले पाहिजे.

इंजिन नसलेल्या आणि स्थिर पंखांवर तरंगणाऱ्या अशा विमानाला ग्लायडर म्हणतात. पुणे शहराच्या पूर्वेस हडपसर येथे ग्लायडर उडविण्याचे केंद्र स्थापन झाले आणि तेथे अनेक तरुण ही विद्या शिकले. तेथे जमिनीवरील यंत्राच्या रिळावर लांब तार वेगाने गुंडाळली जाते. त्या तारेने ओढलेले ग्लायडर पतंगासारखे वर चढते आणि पुरेशी उंची मिळाली, की चालक तार सोडून देतो. भारतात तयार झालेल्या काही ग्लायडरांना अश्विनी, भरणी, रोहिणी अशी नक्षत्रांची सुंदर नावे दिलेली आहेत. ‘रोहिणी’चे पहिले उड्डाण १९६१ साली झाले.

तार सुटल्यावर ग्लायडर खरोखर खालीच येत असते; मात्र ते सरळ खाली न पडता उतरणीवरून घसरल्यासारखे पुढे पुढे जात उतरते. दहा मीटर उंचीवरून सोडलेला दगड दीड सेकंदाच्या आतच जमिनीवर आदळतो. परंतु एक मीटर खाली येताना दहा मीटर पुढे जाणारे ग्लायडर त्याच उंचीवरून शंभर मीटर दूर जाऊन उतरते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवा वर चढत असते. तिच्यात शिरलेले ग्लायडर तिच्याबरोबर उंच जाऊ शकते. पर्वतीवरच्या घारीचे रहस्यही हेच आहे.

घरी बनविलेल्या पंखांनिशी उडण्याच्या गमतीच्या स्पर्धाही जगात भरतात. इंग्लंडमधील सेल्सी या समुद्रकाठच्या गावी १९७१ साली अशी स्पर्धा सुरू झाली. जपानमधील बिवा सरोवरावर १९७७ पासून अशा स्पर्धा भरत आल्या आहेत. तेथे स्पर्धक पाण्यावर दहा मीटर उंच उभारलेल्या मंचावरून झेप घेतात. प्रेक्षकांना तो खेळ वाटतो. पण त्यामागे पुष्कळ विचार व श्रम असतात.

अशा स्पर्धेत ओढणारी तार नसते. वेग मिळवावयाचा तो स्वतःच्या पायांनी. पंखांवरून हवा जितक्या वेगाने वाहते, तितकी त्यांना अधिक उचल मिळते. वेग दुप्पट झाला, तर उचल चौपट होते. समजा, चालकाचे वजन साठ किलोग्रॅम व ग्लायडरचे वीस किलोग्रॅम आहे. सेकंदाला दहा मीटर वेग असेल, तर हा भार तोलण्यास ढोबळ हिशेबाने तेरा चौरस मीटरांचे, म्हणजे एका खोलीच्या जमिनीएवढे, पंख लागतात. वेग सेकंदाला पाचच मीटर असेल, तर तशा चार खोल्यांएवढे पंख हवेत! पंख वाढविले, की वजन वाढते, आणि वजन वाढले, की पुन्हा पंख अपुरे पडतात. हे कोडे सोडविणे हीच रचनाकाराची खरी परीक्षा होय. म्हणून तो सांगाड्यासाठी हलके पण चिवट साहित्य शोधतो, आणि जेथे एका काडीने भागेल तेथे दोन काड्या लावीत नाही.

दुसरे कोडे तोलाचे. त्याचा अभ्यास लहान प्रतिकृतीवर करता येतो. बुरूड आळीत मिळणाऱ्या बांबूच्या बारीक कामट्या, पतंगाचा कागद, खळ आणि दोरा एवढ्या साहित्यात हातभर लांबीचे ग्लायडर तयार होते. ते हलकेच पुढे सोडावे. नाक खाली करून ते जमिनीत शिरले, तर पुढचा भाग जड झाला असे समजावे. नाक वर करून ते थबकले आणि मग धपकन पडले, तर मागचा भाग जड आहे. अशा वेळी नाकाला मातीची लहानशी गोळी चिकटवावी. शेपटी त्याला सरळ ठेवते, आणि पंखांची टोके किंचित उचललेली असली, तर एका बाजूस कललेले ग्लायडर पुन्हा सावरते. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम वहीत टिपून ठेवावा. नाहीतर कोणत्या बदलाने काय घडले हे कळत नाही.

तोल किती महत्त्वाचा आहे, हे ऑटो लिलिएंथाल या जर्मन संशोधकाच्या चरित्रावरून दिसते. त्याने १८९१ पासून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार उड्डाणे केली. शरीर पुढे-मागे झुकवून तो आपला तोल सांभाळीत असे. १८९६ च्या ऑगस्टमध्ये हवेत असताना त्याचे ग्लायडर थबकले व कोसळले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या टिपणांचा पुढे राइट बंधूंना उपयोग झाला. म्हणूनच आज असे उड्डाण जाणत्यांच्या देखरेखीखाली, खोल पाण्यावर, शिरस्त्राण व तरंगणारे जाकीट घालूनच करतात. मुलांनी प्रतिकृती उडवावी; गच्चीवरून अथवा टेकडीवरून स्वतः उडी घेण्याचे धाडस कदापि करू नये.

केवळ खाली तरंगत न येता स्वतःच्या बळावर उडत राहणे माणसाला साधले काय? १९५९ साली हेन्री क्रेमर या इंग्रज उद्योगपतीने त्यासाठी बक्षीस जाहीर केले. अर्ध्या मैलाच्या अंतरावरील दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फेरी घालावयाची होती. अनेकांनी सुबक विमाने बांधली. पण एक विमान मोडले, की दुरुस्तीत महिने जात. अमेरिकेतील पॉल मॅकक्रेडी याने निराळा विचार केला. आपले विमान मोडणारच, तर ते झटपट दुरुस्त व्हावे, असे त्याने ठरविले. बारीक नळ्या, तारा आणि पातळ प्लास्टिक यांचे त्याचे विमान सुमारे एकोणतीस मीटर रुंद असूनही बत्तीस किलोग्रॅमच भरले. ते कितीदा तरी पडले, मोडले, सुधारले गेले. अखेर २३ ऑगस्ट १९७७ रोजी ब्रायन ॲलन या सायकलपटूने हातांनी नव्हे, तर पायांनी पंखा फिरवून ती फेरी पूर्ण केली. १२ जून १९७९ रोजी त्यानेच नव्या विमानातून इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडी तीन तासांच्या आत ओलांडली.

माणसाच्या अंगी घारीचे बळ आले नाही. त्याचा देहही हलका झाला नाही. परंतु आपले बळ किती थोडे आहे हे त्याने नीट मोजले, अनावश्यक भार टाकून दिला आणि प्रत्येक पडण्यातून काही नवे शिकून घेतले. कामट्यांचे ग्लायडर दहाव्यांदा जमिनीवर पडल्यावर अकराव्या वेळी नाकाची गोळी थोडी कमी करून पाहणारा विद्यार्थीही त्याच वाटेने जात असतो.