एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध : बाटलीपासून रक्तापर्यंत

एचआयव्हीची बाधा झालेली नाही, पण होण्याचा धोका मोठा आहे, अशा व्यक्तीने आधीपासूनच औषध घेऊन ती टाळण्याच्या पद्धतीला संसर्गपूर्व प्रतिबंध किंवा ‘प्रेप’ म्हणतात. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन यांच्या एकत्रित गोळीला या वापरासाठी अमेरिकेत २०१२ मध्ये आणि भारतात २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पेशीत शिरलेला विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करू लागतो, तेव्हा या औषधांचे रेणू डीएनएच्या घटकांच्या जागी बसतात आणि पुढची जोडणी थांबवतात. त्यासाठी संसर्गाच्या वेळी औषध पेशीत पुरेशा प्रमाणात असावे लागते, आणि ते तेथपर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न रसायनशास्त्राच्या बराच बाहेरचा आहे.

दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे येथील पाच हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या ‘व्हॉइस’ या चाचणीत हे लख्ख दिसले. औषध नियमित घेतो असे स्त्रिया सांगत होत्या, परत आणलेल्या बाटल्यांतील उरलेल्या गोळ्यांचा हिशेबही जुळत होता, पण एकत्रित गोळी मिळालेल्या गटाच्या रक्ताच्या नमुन्यांपैकी जेमतेम २९ टक्क्यांत औषधाचा अंश सापडला आणि संसर्ग कमी झाला नाही. पुढे जोहान्सबर्गमधील सहभागी स्त्रियांशी सविस्तर बोलल्यावर एक कारण समोर आले : हीच औषधे बाधितांच्या उपचारातही वापरली जात असल्याने, घरात बाटली दिसली तर आपल्यालाच बाधित ठरवले जाईल, ही भीती त्यांच्या मनात होती. या स्त्रियांना बेफिकीर ठरवणे अन्यायाचे होईल, कारण ज्या घरात औषध लपवावे लागते त्या घरात ते रोज ठरल्या वेळी घेणे जवळजवळ अशक्य असते. याउलट कोलकात्याच्या सोनागाचीत ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ आणि म्हैसूरमध्ये ‘अशोदया समिती’ या देहविक्रय करणाऱ्यांच्या स्वतःच्या संघटनांनी प्रेपचे प्रकल्प चालवले, तेव्हा याच प्रकारची गोळी घेण्यातील सातत्य लक्षणीयरीत्या चांगले राहिले. तेथे औषध देणारी आणि त्याविषयी विचारपूस करणारी बाई ओळखीची होती.

रोजच्या गोळीची ही अडचण लेनाकापाविर या औषधाने बरीच दूर केली आहे. विषाणूच्या जनुकीय द्रव्याभोवती ‘कॅप्सिड’ नावाचे शंकूच्या आकाराचे प्रथिनांचे कवच असते; लेनाकापाविर त्याला चिकटून कवचाची बांधणी आणि कार्य दोन्ही बिघडवते. पोटाच्या त्वचेखाली टोचलेले हे औषध सहा महिने हळूहळू रक्तात उतरत राहते. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील तरुणींवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, तेव्हा हे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही बाधा झालेली नव्हती, तर रोजची जुनी गोळी दिलेल्या १,०६८ जणींपैकी सोळा जणींना ती झाली होती.

यानंतर प्रश्न उरतो किमतीचा. अमेरिकेत जून २०२५ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा या औषधाची जाहीर किंमत वर्षाला २८ हजार डॉलरहून अधिक होती. मूळ कंपनी ‘गिलियड’ने १२० देशांसाठी स्वस्त आवृत्ती बनवण्याचे परवाने सहा उत्पादकांना दिले असून त्यांत पुण्याची ‘एमक्युअर’ आहे; हैदराबादच्या ‘डॉ. रेड्डीज’ आणि ‘हेटेरो’ यांची आवृत्ती २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये मिळेल, असे करार झाले आहेत. मात्र ब्राझील, मेक्सिको, अर्जेंटिना आणि पेरू या देशांतील लोकांनी याच औषधाच्या दुसऱ्या एका चाचणीसाठी आपली शरीरे देऊनही त्यांचे देश या यादीबाहेर ठेवले गेले, आणि त्याचे समर्थन कोणत्याही हिशेबाने होऊ शकत नाही.

स्वस्त झालेल्या इंजेक्शनाबरोबरही काही कामे करावीच लागतात. प्रत्येक वेळी सुई टोचण्यापूर्वी एचआयव्हीची तपासणी आवश्यक असते, कारण आधीच बाधा झालेल्या व्यक्तीला हे एकच औषध दिल्यास विषाणू त्याला दाद न देणारा बनू शकतो. शिवाय पुढची तारीख चुकली तर औषधाचा उतरता, अपुरा अंश शरीरात अनेक महिने रेंगाळतो आणि तोच धोका पुन्हा उभा राहतो. तारीख लक्षात ठेवून दार ठोठावणारी आणि कोणाचेही नाव बाहेर न फोडणारी कार्यकर्ती त्यासाठी लागते, आणि तिचे मानधन त्या ४० डॉलरमध्ये धरलेले नाही.