भार, बाहू आणि इशारा

धरणाच्या, पुलाच्या किंवा उंच इमारतीच्या बांधकामावरून जाणाऱ्या माणसाची पावले यारीपाशी हटकून रेंगाळतात. क्रेन हे ह्या यंत्राचे रुळलेले नाव. गोदीत, कारखान्यात आणि रेल्वेच्या आवारात मराठी कामगारही तेच वापरतो. दहा टनांची तुळई फुलांच्या परडीप्रमाणे अलगद वर जाते आणि नेमक्या जागी टेकते. पाहणाऱ्यास यंत्राच्या बळाचे कौतुक वाटते. परंतु त्या तुळईखाली आणि तिच्या आसपास जे राबत असतात, त्यांचे प्राण केवळ यंत्राच्या बळावर सुरक्षित राहत नाहीत. भार किती दूर धरला आहे, तो कशाने बांधला आहे, यारी कशावर उभी आहे, वारा किती आहे आणि ‘थांबा’ हा शब्द कोणाचा मानला जातो, ह्या गोष्टींवर ते अवलंबून असतात.

जड वस्तू उचलण्याची विद्या यंत्रयुगाहून पुष्कळ जुनी आहे. कप्पी, रहाट, पहार आणि दोरखंड एवढ्या साधनांवर माणसाने मोठमोठी कामे केली आहेत. केरळात बेपूरचे माप्पिळा खलाशी गलबते बांधून ती पाण्यात लोटण्याचे काम पिढ्यान् पिढ्या करीत आले. १९८८ साली पेरुमण येथे आगगाडीचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते वर काढण्याच्या कामी ह्याच खलाशांचे दोरखंड आणि कप्प्या उपयोगी पडल्या. त्यांच्या कामात सर्वांनी एका तालावर ओढणे आणि एका क्षणी थांबणे ह्याला शक्तीइतकेच महत्त्व असते. रोममध्ये १५८६ साली दोमेनिको फोंताना ह्या स्थापत्यविशारदाने सुमारे सव्वातीनशे टनांचा एकसंध शिलास्तंभ हलवून संत पीटरच्या चौकात उभा केला. शेकडो माणसे, घोडे आणि चाळीस रहाट ह्या कामी लागले होते. तुतारी वाजली की ओढावयाचे आणि घंटा वाजली की थांबावयाचे, असा तेथील दंडक होता. सुरक्षित भारोत्तोलनाचा हा नियम चार शतकांनंतरही पालटलेला नाही.

यारीचे मूळ तत्त्व तरफेचे आहे. जत्रेतल्या फळीच्या झोपाळ्यावर टोकाशी बसलेले लहान मूल मध्याजवळ बसलेल्या थोराला वर उचलते, हे सर्वांनी पाहिलेले असते. यारीचा बाहू, ज्याला कामगार बूम म्हणतात, हा असाच एका बाजूला लांबलेला तरफेचा दांडा होय. दुसऱ्या बाजूला यंत्राचे स्वतःचे वजन आणि मागे जोडलेले प्रतिभार असतात. आकड्याला पाच टनांचा भार चार मीटर अंतरावर लटकत असेल, तर यारीला उलथविणारा जोर पाच गुणिले चार, म्हणजे वीस होतो. तोच भार आठ मीटरांवर नेला की तो जोर चाळीस होतो. भार एक किलोनेही वाढलेला नसतो. वाढलेले असते ते केवळ अंतर.

म्हणूनच यारीच्या अंगावर रंगविलेला मोठा आकडा फसवा ठरतो. ‘२० टन’ असे लिहिलेली यारी वीस टन उचलते, पण ते बाहू अगदी जवळ घेतलेला असताना, उदाहरणार्थ तीन मीटरांवर. बारा मीटरांवर साध्या हिशेबानेच पाच टन उरतात; आणि बाहूचे स्वतःचे वजनही बाहेर झुकत असल्यामुळे निर्मात्याचा तक्ता बहुधा त्याहूनही कमी आकडा सांगतो. हा तक्ता चालकाच्या खोलीत डोळ्यांसमोर असावा लागतो. भार जमिनीपासून उचलला गेला, म्हणजे धोका संपला, ही समजूत घातक आहे. उचललेला भार पुढे ठेवण्यासाठी बाहू खाली झुकविला की अंतर वाढते आणि जी यारी क्षणापूर्वी स्थिर होती, ती मागची चाके उचलू लागते.

तक्ता वाचण्यासाठी भाराचे वजन ठाऊक असावे लागते. अंदाजाने बोलण्याची सवय ह्या कामात सर्वांत महाग पडते. हिशेब मात्र अवघड नाही. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे अडीच टन आणि तेवढ्याच पोलादाचे सुमारे पावणेआठ ते आठ टन भरते. दहा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर उंच अशी काँक्रीटची तुळई चार घनमीटरांची, म्हणजे दहा टनांची होते. तिच्यात आकडा, त्यावरचा कप्प्यांचा ठोकळा आणि बांधणीच्या साखळ्या ह्यांचेही वजन मिळवावयाचे असते. यारी तेही उचलीत असते.

भार बांधण्याची रीत हे दुसरे शास्त्र आहे. दोन टनांचा भार दोन सरळ उभ्या दोरांवर टांगला, तर प्रत्येक दोरावर एक टन ताण येतो. तेच दोर वर एका आकड्यात एकत्र आणले आणि त्यांच्यामध्ये ६० अंशांचा कोन झाला, की प्रत्येकावर सुमारे १.१५ टन ताण पडतो. ९० अंशांना १.४ टन आणि १२० अंशांना पुरे दोन टन. कोन १५० अंशांवर गेला, तर तोच ताण पावणेचार टनांच्याही वर चढतो. दोर आखूड आहे म्हणून तो पसरून बांधणारा मनुष्य, कळत नकळत, भार जवळजवळ चौपट करीत असतो. दोर तीक्ष्ण कडेवर टेकत असेल, तर मध्ये लाकडी किंवा रबरी गादी घालावी लागते. आकडा भाराच्या गुरुत्वमध्याच्या बरोबर वर, ओळंब्यात असावा लागतो; तिरप्या दोराने भार फरफटत ओढणे हे यारीचे काम नव्हे.

तारांचा दोर प्रथम विल्हेल्म आल्बर्ट ह्या जर्मन खाणअधिकाऱ्याने १८३४ साली हार्ट्‌सच्या खाणींत वापरात आणला. साखळीची एक कडी तुटली की सारा भार कोसळतो. तारांच्या दोरातील एकेक तार आधी तुटते आणि पाहणाऱ्यास सूचना देते. पण ही सूचना पाहणाऱ्यासच मिळते. तुटक्या तारा, पीळ सुटलेले किंवा मुरगळलेले भाग, गंज आणि झीज ह्यांची तपासणी रोज काम सुरू होण्यापूर्वी व्हावयास हवी, ती ह्यासाठी.

यारी ज्या जमिनीवर उभी असते, ती जमीनही यंत्राचाच एक भाग समजावी. उचलताना फिरत्या यारीचे आधारपाय बाहेर काढून जमिनीवर रोवतात. एका पायावर वीस टन भार आला आणि त्याखालची थाळी ५० सेंटिमीटर चौरस असली, तर दर चौरस सेंटिमीटरला आठ किलो दाब पडतो. त्याखाली दीड मीटर लांबीरुंदीची भक्कम लाकडी बैठक घातली, की तोच दाब एका किलोच्या आत येतो. पावसाने भिजलेली काळी माती, नुकताच बुजविलेला चर, जमिनीखालून गेलेले जुने गटार, ही वरून कणखर दिसतात आणि भार येताच खचतात. पाय हातभर खचला, तर बाहूचे उंच टोक कित्येक हात बाहेर जाते, आणि मग पुन्हा तोच अंतराचा हिशेब सुरू होतो.

वाऱ्याकडेही असेच लक्ष हवे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. १४ जुलै १९९९ रोजी अमेरिकेतील मिलवॉकी येथे क्रीडागृहाच्या छताचा चारशे टनांहून जड तुकडा उचलताना प्रचंड यारी कोसळली आणि तीन लोहकामगार मृत्युमुखी पडले. वारा यारीवर किती जोर करील, ह्याचा विचार झाला होता. त्या विस्तीर्ण छतावर किती करील, ह्याचा नीट झाला नव्हता. मक्केत ११ सप्टेंबर २०१५ रोजी वादळात यारी मशिदीवर कोसळून शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी ती काही उचलीतही नव्हती. काम नसताना बाहू खाली उतरवून ठेवण्याची सूचना पाळली गेली नसल्याचे चौकशीत दिसून आले. इमारतींवरच्या उंच मनोऱ्याच्या यारीचा आडवा बाहू काम संपल्यावर वाऱ्याबरोबर मोकळा फिरू देतात, तोही ह्याच कारणाने.

भारतालाही ह्या विषयाचे धडे मोठी किंमत देऊन मिळाले आहेत. विशाखापट्टणच्या जहाजबांधणी आवारात १ ऑगस्ट २०२० रोजी नव्या यारीची भारचाचणी चालू असतानाच ती कोसळली आणि अकरा माणसे गेली. ठाणे जिल्ह्यात सरलांबे गावाजवळ, समृद्धी महामार्गाच्या पुलावर, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी तुळया बसविणारे अवजड यंत्र कोसळून वीस जणांचा अंत झाला. टांगलेल्या भाराखाली कोणी उभे राहू नये, आणि चाचणीच्या वेळी तर अनावश्यक माणूस आसपासही नसावा, हा नियम म्हणूनच यंत्राच्या निर्दोषपणावर अवलंबून ठेवता येत नाही. यंत्र चुकले तरी माणूस वाचला पाहिजे, हा त्या नियमाचा हेतू असतो.

कायद्याने ही जाणीव फार पूर्वीच ठेवली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमाने यारी, साखळ्या आणि दोर ह्यांची बारा महिन्यांतून एकदा तरी जाणत्या व्यक्तीकडून कसून तपासणी करण्याचे बंधन घातले, आणि सुरक्षित भारमर्यादा ओलांडण्यास मनाई केली. पुढे २०२० च्या संहितेत कामगारांच्या सुरक्षिततेचे अनेक जुने कायदे एकत्र गुंफण्यात आले. आधुनिक यारीत भार आणि अंतर मोजून, मर्यादा गाठताच घंटा वाजविणारी व हालचाल रोखणारी विद्युत्‌साधनेही असतात. मात्र पायाखालची माती खचते आहे की नाही, हे त्या साधनाला कळत नाही. आणि बाहूच्या टोकाजवळून विजेची तार गेली आहे, हेही ते बहुधा सांगत नाही. घाईच्या वेळी ते बंद करून ठेवणारे हातही असतात.

म्हणून अखेरची भिस्त माणसांमधल्या शिस्तीवर राहते. चालकाला भार पुष्कळदा दिसत नाही; त्याचे डोळे म्हणजे खाली उभा असलेला इशारेकरी. इशारा देणारा एकच असावा आणि चालकाने त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाचे हात पाहू नयेत. ह्या नियमाला एकच अपवाद आहे. ‘थांबा’ हा इशारा कोणीही दिला, मग तो मुख्य अभियंता असो की घमेले वाहणारी मजूर बाई असो, चालकाने तत्क्षणी थांबले पाहिजे. थांबल्याने फार तर घटकाभर काम लांबते.

कामाच्या ठिकाणी ह्या अपवादाचीच खरी परीक्षा होते. मुकादमाला काँक्रीट आटण्याची घाई असते, ठेकेदाराला यारीचे भाडे मोजावयाचे असते, आणि रोजंदारीवरच्या मजुराला उद्याही काम हवे असते. अशा वेळी वजन ठाऊक नाही म्हणून उचलणार नाही, असे म्हणणाऱ्या चालकाला, किंवा दोर चिरला आहे हे ओरडून सांगणाऱ्या खलाशाला वरिष्ठ कोणता मान देतात, ह्यावरून त्या कामाची सुरक्षितता ओळखावी. त्याचा शब्द मानला जात असेल, तर तक्ते, घंटा आणि कायदे ह्यांना अर्थ येतो. तो मानला जात नसेल, तर शंभर टनांची यारीसुद्धा दुबळीच असते.